खुंट्याला कोण

लुगडं माझ्या टाइपरायटरवर येऊन पडलं. विटकरी रंगाचं, काठ विरलेलं, गुडघ्याच्या जागी चिखल वाळून पापुद्रे सुटलेले. वर एक चोळी. मी ते बाजूला सारायला हात लावला, तर कापड अजून कोमट होतं. कुणाच्या तरी अंगावरून आत्ताच उतरवलेलं.

"नेस," आण्णा म्हणाले. "आन चपला हितंच ठेव."

आण्णा म्हणजे वीटभट्टीचे मालक. मी त्यांच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. त्या दिवशी अकरा वाजता पुण्याच्या कंपनीची माणसं येणार होती. ही कंपनी सांगलीकडे मोठा कारखाना बांधत होती आणि विटा आमच्या भट्टीवरून जायच्या. कंपनीचा परदेशी भागीदार होता. त्या भागीदाराच्या देशातली एक बाई भट्टी बघायला येणार, कामगारांशी बोलणार, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून दुभाष्याचं काम करणार, असं आठवडाभर ठरलेलं होतं. त्यासाठी मी पांढरा पंजाबी ड्रेस इस्त्री करून घातला होता. वाक्यं मनात घोळवत आले होते.

आदल्या दिवशी फॅक्स आला. बाईंना बायकांशी एकट्यानं बोलायचं होतं. मालक नको, मुकादम नको, भट्टीवरचं कुणीच मध्ये नको. दुभाष्या त्या पुण्याहूनच आणणार होत्या. फॅक्स मीच वाचून दाखवला होता. तेव्हा आण्णांनी नुसती मान डोलावली होती. सकाळी उजाडताच भट्टीवरची सगळी माणसं, बायकापोरांसकट, त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नदीपलीकडच्या आपल्या उसात खुरपायला धाडली होती. बाईंना दाखवायला मागं ठेवल्या होत्या दोघी. एक म्हातारी कौसाबाई. तिनं चार वर्षांत कधी तक्रार केली नव्हती, आज काय करणार, असा हिशेब. दुसरी मी.

आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इस्त्रीची कापडं घातली म्हणून रंग बदलतो व्हय? साच्यापाशी बसलीस तर कोण म्हणंल ही हापिसातली हाय? तुमच्यातल्या बायकांनी जल्मभर हेच केलंय की."

त्यांचा मुलगा संग्राम दारात गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. तो हसला. "आणि ही बोलत पण नाही, डॅडी. बेस्ट आहे."

मी एकच वाक्य म्हणाले. तुमच्या घरातल्या कुणाला बसवलं तर नाही का चालणार?

आण्णा चिडले नाहीत. मला त्यांचा चेहरा नीट आठवतो. ते खरोखर चकित झाले होते.

"आमच्या बायका चिखलात बसणार?"

मी ते लुगडं नेसले. हे आधीच सांगून टाकते. मी ते भिरकावून दिलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी ते उचललं, ऑफिसमागच्या कोळशाच्या शेडमध्ये गेले आणि नेसायला लागले. मला नऊवारी नेसता येत नव्हतं.

शेडमध्ये अंधारात कुणीतरी होतं. फुला. माझ्याच वयाची, विटा पाडणारी. पोत्याचं तागाचं कापड अंगाभोवती गुंडाळून कोळशाच्या ढिगाआड बसली होती. लुगडं-चोळी तिचीच होती, त्यासाठीच तिला मागं ठेवलं होतं. ती उठली, एका हातानं ते पोतं धरून दुसऱ्या हातानं तिनं मला काष्टा घालून दिला. शेवटी म्हणाली, "बाई, बिगीनं द्या माघारी. दुसरं न्हाई मला."

माझा पांढरा ड्रेस मी नीट घडी घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवला. तो तिला घालायला द्यावा हे मला सुचलं नाही.

*

न बोलणं मला कुणी शिकवलं ते सांगायला हवं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत स्वयंपाकघरात आहेत. मूळ गाव वडूजच्या बाजूला. आम्ही बौद्ध. आजोबांनी जुनी कामं सोडली, देव सोडले, आणि पोरांना सांगितलं की गावाबाहेर पडा. आबा पडले ते पाचगणीत थांबले. नोकरांच्या एका मुलाला शाळेत फुकट शिकता यायचं. ती जागा मला मिळाली. म्हणून माझं इंग्रजी चांगलं.

दुपारचं जेवण मोठ्या हॉलमध्ये असायचं. लांब टेबलं, स्टीलची ताटं. आबा पांढरा कोट घालून पोळ्या वाढत यायचे. सगळ्या मुलींना ते 'बेबी' म्हणायचे. पोळी, बेबी? भात, बेबी? माझ्यापाशी आले की मलाही तेच. पोळी, बेबी? मी मान हलवायचे. दहा वर्षं त्या हॉलमध्ये मी त्यांना एकदाही आबा म्हणाले नाही. त्यांनीच सांगितलं होतं. संध्याकाळी आमच्या खोलीत, स्टोव्हजवळ बसून. "तिथं त्वांड मिटून ऱ्हायाचं. मिटल्या तोंडाचं समदं निभावतं."

संग्राम त्याच शाळेत माझ्यापुढं दोन वर्षं होता. पोळी हवी असली की तो चुटकी वाजवायचा. आबा यायचे.

पुढं मी साताऱ्याला कॉलेज केलं, टायपिंग केलं. आण्णांच्या विटा शाळेच्या नव्या इमारतीला लागत होत्या. ते शाळेत आले की आबांच्या हातचं जेवायचे. तिथंच आबांनी हात पुसत विचारलं, पोरीला इंग्रजी येतंय, बघा कुठं. असं मला काम लागलं. मी उंब्रजला लांबच्या आत्याकडे राहायला लागले. भट्टी तिथून आत, नदीकाठी. आबांना फार आनंद झाला होता. आणि आण्णा अधूनमधून सहज म्हणायचे की प्रिन्सिपल आपल्या शब्दाबाहेर नाहीत. आबांची खोली शाळेच्या आवारात आहे, हे आम्ही दोघांनी वेगळं बोलायची गरज नव्हती.

*

ऑफिसात माझ्या खुर्चीमागं एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली माझ्याकडे असायची, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. कपाटात पावतीपुस्तकं, शिक्के, आणि खालच्या कप्प्यात रबरबँड लावलेली रेशनकार्डं. एकोणचाळीस. भट्टीवरच्या प्रत्येक कुटुंबाचं एक.

माणसं लांबून यायची. जत, माण, काही सीमेपलीकडची. आगाऊ पैशांची उचल घेऊन यायची आणि उचल कधी फिटायची नाही. आल्या दिवशी मुकादम कार्ड मागून घ्यायचा. कार्ड नाही तर गावात परत गेलात तरी धान्य नाही, रॉकेल नाही, शाळेत पोराचं नाव घालताना दाखवायला कागद नाही. कुलूप माणसाला लावायची गरजच पडायची नाही. कागदाला लावलं की पुरे.

आणि दुसरी एक पद्धत होती. कुणाची जत्रा असो, बाळंतपण असो, घरी माती झालेली असो, सगळं कुटुंब एकदम जायचं नाही. एकानं मागं राहायचं. रजा मागायला माणूस ऑफिसात आला की मुकादम मान वर न करता विचारायचा, "खुंट्याला कोण?" म्हणजे जनावर खुंट्याला बांधतात तसं. आणि ती माणसं सरळ उत्तर द्यायची. "आय ऱ्हातीय." "पोरगी ऱ्हातीय." त्या शब्दाची त्यांना इतकी सवय झाली होती की ते थट्टाही करायचे. लग्न ठरलं म्हणून कुणी पेढा घेऊन आला, तर बाकीचे म्हणायचे, "नवरदेवा, खुंट्याला कोण? वऱ्हाड का?" आणि हसायचे. मी टाइप करत बसायचे. माझी मानही वर व्हायची नाही.

कौसाबाई चार वर्षांपूर्वी खुंट्याला राहिली. मुलगा आणि सून सुनेच्या बाळंतपणाला जतकडे गेले आणि परत आले नाहीत. तिच्यापुढं कुणी त्याला शिव्या दिल्या की ती म्हणायची, "न्हाई आला ते ब्येस झालं. सुटला माझा गडी." आणि विटा पाडायला बसायची. त्याच्या वाटणीच्या पण.

दर बाजाराच्या दिवशी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही.

"बाई, माझं कारड तेवढं दावा. न्हेत न्हाई. निस्तं बगती."

तिला वाचता येत नव्हतं. कार्डावर मुलाचं नाव होतं. त्या नावावर बोट ठेवायचं होतं तिला, एवढंच. किल्ली माझ्या गळ्यात होती. कपाट माझ्या पाठीशी. मी दर वेळी म्हणायचे, "आण्णांना विचारा."

फॉर्म आला तो या भेटीच्या थोडा आधी, पावसाळा संपल्यावर. परदेशी भागीदाराचा होता, चार पानी, इंग्रजीत. तुमच्याकडे लहान मुलं काम करतात का. कामगारांना सोडून जायची मोकळीक आहे का. कामगारांचे ओळखीचे कागद मालक आपल्याकडे ठेवतो का. मी संग्रामला विचारलं. तो म्हणाला, "नो, नो, नो लिही आणि पाठव."

पण मला सरळ खोटं लिहायचं नव्हतं. मी चांगल्या शाळेत शिकलेली होते ना. मी विचार केला, शब्द जुळवले आणि लिहिलं की कामगारांची कागदपत्रं त्यांच्याच विनंतीवरून सुरक्षित ताब्यात ठेवली जातात. इंग्रजीत ते वाक्य फार देखणं दिसत होतं. संग्रामनं वाचून शीळ घातली. त्या दिवशी मला मिठाईचा बॉक्स मिळाला. मी तो पाचगणीला आबांसाठी नेला. फॉर्मला जोडायची नावांची यादीही मीच टाइप केली. एकोणचाळीस कुटुंबप्रमुख. कार्बन घालून, दोन प्रती.

*

मी साच्यापाशी जाऊन बसले. ओल्या मातीत पाय रुतले. कौसाबाई शेजारी विटा पाडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं. हात थांबवले नाहीत.

"तुमाला बी बसीवलं व्हय खुंट्याला?"

मी साच्यात माती भरायला लागले.

"कुणाच्या बदली?"

हे तिनं अगदी सहज विचारलं. बाजारात एखादी दुसरीला विचारते, कुणाकडं आलीस, तसं. आणि माझ्या डोळ्यांपुढं आबा आले. पांढरा कोट. हातात पोळ्यांचं ताट. शाळेच्या आवारातली एक खोली.

मी कुणाच्या बदली बसले होते ते मला पहिल्यांदा कळलं. बावीस वर्षांची झाल्यावर. गाऱ्यात.

"आसं न्हाई," कौसाबाई म्हणाली आणि तिनं माझं मनगट धरलं. "कोपऱ्यात दाबून भरा. न्हाईतर वीट फुटती आन मुकादम ती आपल्या डोक्यात घालतो."

गाडी आली. आण्णा आणि संग्राम ठरल्याप्रमाणे लांब, चिंचेखाली थांबले. दोघी बाया पायवाटेनं आल्या. परदेशी बाई उंच, कॉटनची पँट, हातात वही. सोबत दुभाषी म्हणून पुण्याच्या मॅडम, कंपनीतल्याच. साडीच्या निऱ्या उचलून, चिखल चुकवत, घड्याळ बघत. मॅडमना दुपारी सांगलीत पोचायचं होतं, हे त्यांनी तेवढ्या वाटेत दोनदा सांगितलं.

परदेशी बाई आमच्यासमोर उकिडवी बसली. तिनं इंग्रजीत विचारलं, तुम्ही इथं किती वर्षं आहात, आणि जायचं म्हटलं तर जाऊ शकता का. मॅडमनी तो प्रश्न मराठीत केला तो असा: "मावशी, इथं काही त्रास नाही ना तुम्हाला?"

कौसाबाईनं साचा बाजूला ठेवला. हात लुगड्याला पुसले. मला वाटलं होतं ती काही बोलणार नाही. चिंचेखाली उभ्या असलेल्या दोघांनाही तेच वाटत होतं.

"चार सालं झाली, घर बगितलं न्हाई," ती म्हणाली. "पोराचं त्वांड बगितलं न्हाई. नातू हाय का नात हाय, ठावं न्हाई. माझं कारड त्यांच्या कपाटात हाय. कारड दिलं तर मी आत्ता उठून चालाय लागंन."

तिनं हात जोडले नाहीत. रडली नाही. माप सांगावं तसं सांगितलं.

मॅडमनी क्षणभर विचार केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या वाईट दिसत नव्हत्या. त्यांना फक्त घाई होती, आणि विटा वेळेवर हव्या होत्या. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या की ही चार वर्षांपासून इथं काम करते, मुलाची आठवण येते, साहजिक आहे. आणि हिची कागदपत्रं तिच्याच विनंतीवरून सुरक्षित ताब्यात ठेवली आहेत.

माझं वाक्य. शब्दन् शब्द. त्यांनी फॉर्म वाचला होता.

कौसाबाई मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. आपलं बोलणं त्या भाषेत कसं होतं, ते ऐकत होती. तिला वाटत होतं ते तसंच पोचलं. परदेशी बाईनं मान हलवली आणि वहीत लिहायला लागली.

मी हातातली माती खाली टाकली.

"दॅट इज नॉट व्हॉट शी सेड," मी म्हणाले.

पेन थांबलं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग माझ्या हातांकडे, लुगड्याकडे, परत तोंडाकडे. मी थांबले नाही. थांबले असते तर परत सुरू झाले नसते. कौसाबाई काय बोलली ते मी एकेक वाक्य करून इंग्रजीत सांगितलं. मग म्हणाले, मी विटा पाडणारी नाही. मी यांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. हे लुगडं माझं नाही. खऱ्या बायका सकाळी नदीपलीकडे नेल्या. तुमच्या फॉर्मवरचं ते वाक्य मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. कार्डं एकोणचाळीस आहेत. किल्ली ही बघा.

संग्रामनं लांबून इंग्रजी ऐकलं असावं. तो पळत आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला पळताना बघत होते. "शी इज मॅड," तो म्हणाला. "आमच्या शाळेतल्या कुकची मुलगी आहे. उपकार म्हणून ठेवलीय."

"व्हय," मी म्हणाले. मराठीत. "त्याच कुकच्या हातच्या पोळ्या खाऊन तू मोठा झालास. चुटकी वाजवून."

परदेशी बाईला हे कळलं नाही. तिनं मला फक्त एवढंच विचारलं की कपाट दाखवशील का.

*

कपाट मी उघडलं. चिखलाच्या हातांनी. कार्डांचे गठ्ठे टेबलावर ठेवले, माझ्या पांढऱ्या ड्रेसच्या घडीशेजारी. बाईनं ते मोजले, वहीत लिहिलं. आण्णा तोपर्यंत येऊन पोचले होते. आवाज अगदी मऊ.

"सांभाळून ठेवलीत बाईसाहेब. अडाणी लोक, हरवून बसतात. मागितली की देतो."

मी ते इंग्रजीत केलं. बाई म्हणाली, मग आता देऊन टाका. मी तेही मराठीत केलं.

"देतो की," आण्णा म्हणाले. "पर माणसं कुठं हाईत? ज्याचं त्याच्या हातात द्यायला पायजे. हितं असंल त्यानं आत्ता घ्यावं."

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. भट्टी रिकामी होती. ती त्यांनीच रिकामी केली होती.

कौसाबाई दारात उभी होती, नेहमीसारखी. मी म्हणाले, आत या. ती आत आली. मी तिचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, जणू ते गरम होतं.

मग मला आठवलं. माणूस आहे की इथं. अजून एक आहे. मी मागच्या शेडकडे तोंड करून हाक मारली. "फुला! फुला, ये बाहेर! कार्ड घ्यायला ये!"

शेडमधून आवाज आला नाही. मी परत हाक मारली. आत कोळसा सरकल्याचं ऐकू आलं. पण ती आली नाही.

ती येऊ शकत नव्हती. तिचं लुगडं माझ्या अंगावर होतं.

मी धावले. शेडमध्ये जाऊन ते अंगावरून ओरबाडून काढलं. गाठी सुटेनात. तिनं घातलेला काष्टा मला सोडता येईना. बाहेर मॅडमचा आवाज, उशीर होतोय, सांगलीला माणसं थांबलीत. गाडीचा हॉर्न. फुलानं लुगडं-चोळी घेतली आणि भराभर नेसायला लागली. मला कशाचंच भान नव्हतं, माझे कपडे टेबलावरच राहिले होते. कौसाबाईनं ते आत आणून फेकले. मी ते कसेतरी चढवून फुलाचा हात धरून बाहेर आले, तोवर कार्डं परत आत जाऊन कपाट बंद झालं होतं. किल्ली दारालाच राहिली होती. ती आता आण्णांच्या बोटात होती.

परदेशी बाई गाडीत बसली होती. मी खिडकीपाशी जाऊन म्हणाले, ही पाहा, ही आली, हिचं कार्ड राहिलं. बाईनं मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, मालकांनी आपल्यासमोर कबूल केलंय, ते देतील. आपण पत्र लिहू. सगळं लिहून घेतलंय.

सगळं लिहून घेतलंय.

मग बाईनं मला विचारलं की तुला इथं थांबणं धोक्याचं आहे का. मी हो म्हणाले. ही म्हातारीही येईल, म्हणाले. मॅडमनी ड्रायव्हरला मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरायला सांगितलं, चिखल होईल म्हणून. आम्ही वर्तमानपत्रावर बसलो. फुलाला गाडीत बसायला मी सांगितलं. ती मागं सरली.

"माझी आय हाय, दोन लेकरं हाईत उसात. मी गेली तर खुंट्याला कोण?"

गाडी वळली. मागच्या काचेतून ती दिसत होती. कोळशानं काळी, लुगडं अजून अर्धवट खोचलेलं. आण्णा तिच्या शेजारी उभे होते आणि आम्हाला हात हलवून निरोप देत होते.

*

उंब्रजच्या स्टँडवर कौसाबाईनं कार्ड उघडून माझ्यापुढं धरलं. पोराचं नाव कुठंय, विचारलं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ती ओळ तिनं दोनदा चाचपली.

"आन ह्ये वर कोण हाय? एकलंच?"

"तुम्ही," मी म्हणाले. "कुटुंबप्रमुख. कार्ड तुमच्याच नावावर आहे."

"मी वर हाय व्हय," ती म्हणाली. बोट त्या वरच्या ओळीवर नेऊन ठेवलं. जतची गाडी लागली तेव्हा कार्ड चोळीत घालून चढली. मागं वळून बघितलं नाही. बघू नयेच.

मी पाचगणीला गेले, तर आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं होतं. खोली गेली नाही, पण जाईल असं सांगण्यात आलं. नवव्या दिवशी स्टोव्हजवळ बसून त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या पोरीचं काय झालं?" मी म्हणाले, तिथंच आहे. ते म्हणाले, "मग निम्मंच केलंस." एवढंच. माझे वडील, ज्यांनी मला तोंड मिटायला शिकवलं, ते असं म्हणाले.

कंपनीनं आण्णांना पत्र पाठवलं आणि त्यांच्या विटा बंद केल्या. परदेशी बाईनं आपलं काम केलं असणार. दीड महिन्यानं मी सांगलीच्या रस्त्यावर त्या कारखान्यापाशी गेले. विटा उतरत होत्या. विटांवर कराडच्या एका व्यापाऱ्याचा शिक्का होता, पण माती आपल्या नदीची होती आणि ट्रकवर आण्णांचाच ड्रायव्हर होता. त्यानं मला ओळखलं, मान खाली घातली. व्यापाऱ्यानं फॉर्म भरून दिला असणार. कुणीतरी चांगल्या शाळेत शिकलेल्यानं. आता विचारायला गेलं तर कंपनी व्यापाऱ्याकडे बोट दाखवते, व्यापारी दुसऱ्याकडे. भिंत उभी राहते. वीट कुणी पाडली ते भिंतीला विचारता येत नाही.

मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. अर्ज मराठीत लिहिला, दोनदा फाडून तिसऱ्यांदा. साहेबांनी वाचला आणि हसले. वेठबिगारी आपल्याकडं नसते, म्हणाले, ती तिकडं उत्तरेत. मी म्हणाले, कायदा सगळीकडचा आहे. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पुरावा काय?

पुरावा आहे. त्या यादीची कार्बन प्रत माझ्या पर्समध्ये घडी घालून होती, टाइप केली त्या दिवसापासून. मी ती कधी फेकली नाही. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. एकोणचाळीस नावं, गावासकट. कौसाबाईच्या नावापुढं मी रेघ मारलीय. फुलाच्या नवऱ्याचं नाव सव्विसावं. त्या कुटुंबाला आण्णांनी दुसऱ्या भट्टीवर हलवलंय, कृष्णेच्या खालच्या अंगाला कुठंतरी, असं ट्रकवाला सांगतो.

मी त्या काठानं जाते आहे. एकेका भट्टीवर, दिवसाढवळ्या. मुकादम अडवतात, कुत्री सोडतात, एकानं विचारलं की तू कुणाची. मी माझ्या बापाचं नाव सांगितलं आणि तो काय काम करतो तेही सांगितलं, मोठ्यांदा. मग मी साच्यापाशी बसलेल्या बायकांना पहिला प्रश्न तोच विचारते, त्यांच्याच शब्दांत: खुंट्याला कोण? मला तो विचारताना लाज वाटत नाही. ज्यांनी तो शब्द काढला त्यांना वाटावी.

इंग्रजी मी आजही लिहिते. पण वाक्य देखणं झालं की ते खोडते, आणि कौसाबाई बोलली तसं लिहिते. खालच्या अंगाला अकरा भट्ट्या राहिल्यात. फुलासाठी मी एक लुगडं घेतलंय, नवं, ते पिशवीत असतं. पुढच्या वेळी कुणी कार्डं घ्यायला बोलावलं तर ती कुणाच्या अंगावरचं कापड परत यायची वाट बघत कोळशात बसणार नाही.

आणि मी कुणाच्या बदली बसणार नाही.